रस्ता नाही म्हणून टिकलेलं गाव

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींची उन्हाळ्यात जायची ठिकाणं ठरलेली असतात. पॉइंट प्लेझंट, केप मे, लेक जॉर्ज, आणि इंडियातून आई-बाबा आले की नायगरा. फायर आयलंडचं नाव काढलं की अर्धे लोक विचारतात ते कुठे आलं, आणि उरलेल्या अर्ध्यांना ते नेमकं कुठे आलं ते माहीत असतं, पण ते हळूच विषय बदलतात. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू, म्हणजे मला प्रत्येक गेट-टुगेदरला कोपऱ्यात नेऊन कुणी हळू आवाजात विचारायला नको.

तर लाँग आयलंडच्या दक्षिणेला समुद्रात आडवी पडलेली वाळूची एक पट्टी आहे, लांबी साधारण 50 किलोमीटर, आणि रुंदी इतकी कमी की खाडीच्या बाजूच्या धक्क्यावर उतरून पाच-सात मिनिटं चाललात की समोर अटलांटिक. हे फायर आयलंड. त्यावर बऱ्याच छोट्या छोट्या वस्त्या आहेत, काही अगदी मुलाबाळांवाल्या फॅमिलींच्या, आणि त्यातल्या चेरी ग्रोव्ह आणि पाइन्स या दोन शेजारशेजारच्या वस्त्या गे लोकांच्या. चेरी ग्रोव्ह जुनं, पाइन्स नवीन. दोघांच्या मधे झाडीचा एक पट्टा आहे, त्याबद्दल पुढे.

जायचं कसं, तर पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेल रोडची गाडी, बहुतेक वेळा बॅबिलॉनला बदलायची, सेविलला उतरायचं, तिथून व्हॅन धक्क्यापर्यंत नेते, मग फेरी. मॅनहॅटनपासून सगळं धरून दोन-अडीच तास. स्वतःची कार असली तरी ती सेविलला पार्क करून यायचं, कारण पलीकडे कार जातच नाही. रस्ताच नाहीये. वस्तीभर फक्त लाकडी फळ्यांच्या वाटा, जमिनीपासून थोड्या उचललेल्या, दोन्ही बाजूंना पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल) आणि माणसांना अजिबात न घाबरणारी हरणं. पाइन्समधल्या मुख्य फळीवाटेचं नाव फायर आयलंड बूलेव्हार्ड आहे, ती बघून हसू येतं.

धक्क्यावर उतरलात की पहिल्यांदा दिसतात त्या लाल रंगाच्या छोट्या हातगाड्या, लहान मुलं खेळायला ओढतात ना तशा, चार चाकं आणि पुढे एक दांडा. त्यांच्यावर घरांची नावं रंगवलेली असतात आणि साखळीनं कठड्याला बांधून ठेवलेल्या असतात. किराणा, बर्फाच्या पिशव्या, वाइनचे खोके, सूटकेस, दमलेला म्हातारा कुत्रा, जे काही घरी न्यायचंय ते या गाडीत टाकून ओढत न्यायचं, तुम्ही करोडपती असलात तरी. एका शनिवारी माझ्या पुढे सत्तरीच्या आसपासचे दोन गृहस्थ चालले होते, एक ओढत होता, दुसरा मागून सामान धरून सारखा ओरडत होता की डावीकडची फळी वर आलीय, बघ, बघ जरा. गाडीत काय होतं तर एक कलिंगड, एक व्हॅक्यूम क्लीनर आणि विगचे गोल डबे एकावर एक रचलेले. एका उंचवट्यावर गाडी अडकली, वरचा डबा घरंगळला आणि सोनेरी केसांचा एक भलामोठा टोप थेट फळीखालच्या पॉयझन आयव्हीत. मग तो काढायचा कुणी यावर जे भांडण झालं ते मी बरंच अंतर ठेवून पण मन लावून ऐकलं. चाळीस-एक वर्षांच्या संसाराशिवाय तसं भांडता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की हे गाव गे लोकांचं झालं ते सुंदर होतं म्हणून नाही. सुंदर बीच अमेरिकेच्या किनाऱ्यावर पैशाला पासरी आहेत. ते गैरसोयीचं होतं म्हणून झालं.

एकोणिसाव्या शतकात पर्किन्सन नावाच्या एका जोडप्यानं इथे हॉटेल काढलं, आसपास जंगली चेरीची झाडं होती म्हणून चेरी ग्रोव्ह. सेविल-पॅचॉगकडची मंडळी मासे खायला, हवा खायला यायची. ऑस्कर वाइल्ड 1882 च्या अमेरिका दौऱ्यात इथे येऊन गेला असं गावातले लोक छातीठोकपणे सांगतात. पुरावा विचारू नये. आपल्याकडे जसं प्रत्येक लेण्यात पांडव एक रात्र राहून गेलेले असतात तसा इथे ऑस्कर वाइल्ड.

खरी गोष्ट सुरू होते ती 21 सप्टेंबर 1938 ला. त्या दिवशी लाँग आयलंड आणि न्यू इंग्लंडवर जे चक्रीवादळ आलं त्यात शेकडो माणसं गेली, आणि फायर आयलंडवरची कितीतरी घरं समुद्रात वाहून गेली. चेरी ग्रोव्हमधल्या जुन्या कुटुंबांनी हाय खाल्ली. पुन्हा घर बांधायला पैसा नाही, बांधलं तरी पुढच्या वादळाची धास्ती, त्यामुळे उरलेली घरं भाड्यानं द्यायला किंवा चक्क विकायला निघाली, आणि घ्यायला आले कोण तर न्यूयॉर्कचे नाटकवाले. नट, नेपथ्यवाले, कपडेपटवाले, दिग्दर्शक, लेखक. यातले थोडे आधीपासून येत होतेच, फ्रँक कॅरिंग्टन नावाच्या नाट्यदिग्दर्शकानं तर 1920 च्या दशकातच इथे घर घेतलं होतं. पण वादळानंतर ओघ लागला. जुन्या घरमालकांना हे लोक कोण आहेत ते कळत नव्हतं असं समजू नका, चांगलं कळत होतं. पण भाडं वेळेवर येत होतं, घरं रंगवली जात होती, खिडक्यांना पडदे लागत होते. पैशापुढे नीतिमत्ता जरा बाजूला सरकते, सगळीकडे सरकते, आणि कधीकधी त्यातून बरंही होतं.

वीज नव्हती. साठचं दशक उजाडेपर्यंत चेरी ग्रोव्हमध्ये लाइट नव्हते, कंदील आणि बर्फाच्या पेट्या यावर काम चालायचं. कवी डब्ल्यू. एच. ऑडननं चाळीसच्या दशकात मित्रांबरोबर इथे एक खोपटं घेतलं होतं. तो आणि ख्रिस्तोफर इशरवूड डफीज हॉटेलच्या एका पार्टीत ग्रीक देवाचा आणि त्याच्या लाडक्या पोराचा वेष करून, सोनेरी पालखीत बसून, भोई गाणी म्हणतायत अशा थाटात आले होते असं सांगतात. कार्सन मॅकलर्स येऊन गेली, पॅट्रिशिया हायस्मिथ येऊन गेली. पण मला मोठ्या नावांत तेवढा रस नाही, कारण मोठ्या माणसांना लपायला जागा बऱ्याच असतात. रस आहे तो बँकेतल्या कारकुनात, शाळेतल्या मास्तरांत, नर्सेसमध्ये, जे सोमवार ते शुक्रवार खोट्या गर्लफ्रेंडच्या गोष्टी ऑफिसात सांगायचे आणि शनिवारी बोटीत पाय ठेवला की त्यांचा चेहरा बदलायचा.

2021 साली न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीनं पन्नासच्या दशकातल्या चेरी ग्रोव्हच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं होतं, गावातल्याच लोकांनी सांभाळून ठेवलेले फोटो. फोटोंत तसं काहीच नाही हो. लोक हसतायत. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बीचवर बसलेत, कुणीतरी पडद्याच्या कापडाचा राजेशाही पोशाख करून उभा आहे, बायका पुरुषी सूट घालून ग्लास उंचावतायत. पण तेव्हा असा रोल धुवायला टाकणं म्हणजेसुद्धा जोखीम, दुकानदारानं बोंब मारली की नोकरी गेली. त्यामुळे तो प्रत्येक फोटो कुणीतरी भीती गिळून काढलेला आणि मग कुठल्यातरी ट्रंकेत तळाशी ठेवून दिलेला आहे.

नाटकवाले जिथे जमतील तिथे नाटक होणारच. 1948 मध्ये आर्ट्स प्रोजेक्ट ऑफ चेरी ग्रोव्ह नावाची संस्था निघाली, गावच्या कम्युनिटी हाउसमध्ये यांचे शो सुरू झाले. आपल्या नाट्यगृहांच्या मानानं ती जागा म्हणजे शाळेचा हॉल. पण गे लोकांनी, गे लोकांसाठी, स्वतःच्या आयुष्यावर उघडपणे विनोद करत नाटक करणं हे त्या काळात अमेरिकेत दुसरीकडे फारसं कुठे दिसणार नाही. 2013 ला त्या इमारतीचं नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेलं. आणि या शोचा पैसा गावाच्या कामांना लागायचा. म्हणजे बाईचा वेष करून नाचणारा माणूसच गावगाडा चालवणारा.

इथे मला हमखास बालगंधर्व आठवतात, आणि फरकही आठवतो. आपल्याकडे पुरुषानं शालू नेसून स्टेजवर यावं आणि घरंदाज बायकांनी त्याच्या पदराची फॅशन उचलावी इतकी त्या कलेला मान्यता होती, पण पडदा पडला की विषय संपला. ग्रोव्हमधल्या ड्रॅगला, म्हणजे पुरुषांनी केलेल्या बायकी वेषाला, बाहेर कसलीच मान्यता नव्हती. न्यूयॉर्क राज्यात वेषांतराविरुद्धचा एक एकोणिसाव्या शतकातला जुनापुराणा कायदा होता तो पोलीस अशा लोकांवर लावायचे, पण या बेटावर पडदा पडल्यावरही विषय चालूच राहायचा, तो माणूस त्याच कपड्यांत घरी जायचा, जाताना दुकानातून दूध घेऊन.

आणि बायका. गे रिसॉर्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त पुरुष येतात, पण चेरी ग्रोव्ह सुरुवातीपासून बायकांचंही होतं, तीस-चाळीसच्या दशकांत शिकल्यासवरलेल्या, कमावत्या, पैसेवाल्या लेस्बियन बायकांची इथे घरं होती. पत्रकार जॅनेट फ्लॅनर आणि तिची जोडीदार नातालिया मरी यांचं इथे येणं-जाणं होतं. नंतर पुरुषांची गर्दी वाढली आणि या थोड्या बाजूला पडल्या. एस्थर न्यूटन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इथे राहून, म्हाताऱ्या माणसांशी तासन्‌तास बोलून गावाचा इतिहास गोळा केला नसता तर यातलं निम्मं कुणाला कळलंही नसतं.

आता पोलीस. बेट म्हणजे सुरक्षित असं नव्हतं. ग्रोव्ह आणि पाइन्सच्या मधे जो झाडीचा पट्टा म्हटला त्याला लोक मीट रॅक म्हणतात, नावावरून तिथे काय चालतं ते कळलं असेलच, मी खुलासा करत बसत नाही, माझी मावशी हे वाचते. साठच्या दशकात पोलीस रात्री बोटीनं यायचे, टॉर्च घेऊन झाडीत शिरायचे, सापडतील त्यांना बेड्या घालून न्यायचे. दंड वगैरे ठीक आहे, पण पकडलेल्यांची नावं लोकल पेपरात छापून यायची, आणि ती आली की नोकरी, घर, भाऊबंद सगळं एका दिवसात. ज्यांनी आपल्या शहरांतल्या बागांमध्ये वर्दीतल्या माणसाला ‘घरी फोन करू का तुझ्या’ म्हणत पोरांची पाकिटं रिकामी करताना बघितलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

नाचण्याची गोष्ट तर कमाल आहे. दोन पुरुषांनी एकमेकांबरोबर नाचणं म्हणजे बेशिस्त वर्तन, त्यावरून बारचं लायसन्स जाऊ शकायचं. मग बारवाल्यांनी काय काढलं, तर सगळ्यांनी रांगेत नाचायचं, लाइन डान्स, आणि घोळक्यात निदान एक तरी बाई पाहिजे. पाइन्समध्ये एका माणसाला शिडीवर बसवून ठेवायचे, हातात टॉर्च. खाली कुठे दोन पुरुष जरा जास्तच समोरासमोर आले, घोळक्यातली बाई सटकली, की वरून टॉर्चचा झोत तोंडावर. मग परत रांग. ती बाई म्हणजे बिचारी रात्रभर नाचून पाय दुखून बसलेली कुणाची तरी मैत्रीण, पण ती बसली की पंधरा माणसांचा डान्स बंद, त्यामुळे तिला ड्रिंक्सवर ड्रिंक्स आणून द्यायला सगळे तयार.

1968 च्या उन्हाळ्यात पकडलेल्या काही जणांनी ठरवलं की गुन्हा कबूल करून दंड भरून गुपचूप निघायचं नाही. मॅटाचिन सोसायटी या जुन्या गे हक्क संघटनेनं वकील दिला, खटले लढवले, आणि ते सुटले. त्यानंतर धाडींचा जोर ओसरला. स्टोनवॉल, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या गे बारवरच्या धाडीविरुद्धचा तो गाजलेला उठाव, झाला पुढच्या वर्षी, जून 1969 मध्ये. स्टोनवॉलचं नाव सगळ्यांना माहीत असतं, हे खटले कुणालाच माहीत नसतात.

आता रस्त्याची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. रॉबर्ट मोझेस हे नाव न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी पाट्यांवर वाचलं असेल. निवडून न येता या माणसानं जेवढे पूल, हायवे, पार्क बांधले तेवढे कुणी बांधले नसतील, आणि त्यासाठी वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. मार्च 1962 मध्ये एका मोठ्या वादळानं बेट झोडपलं, त्यानंतर यानं जुना प्लॅन परत बाहेर काढला की बेटाच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत हायवे बांधायचा, म्हणजे वाळू हायवेमुळे जागेवर राहील. वाळू रस्त्यानं जागेवर राहते हे लॉजिक मला सिव्हिल इंजिनिअर असूनही कळलेलं नाही. बेटाची रुंदी बघता हायवे झाला असता तर बऱ्याच वस्त्यांमध्ये हायवे सोडून दुसरं काही उरलंच नसतं.

तर बेटावरचे सगळे एक झाले. आणि सगळे म्हणजे सगळे, फॅमिलीवाले, श्रीमंत वकील, कोळी, पक्षी बघणारे, आणि ग्रोव्ह-पाइन्सचे गे लोक. हेतू वेगवेगळे. कुणाला टेकाडं वाचवायची होती, कुणाला संकन फॉरेस्ट, म्हणजे ग्रोव्हच्या पश्चिमेला वाळूच्या टेकाडांमागे दडलेलं हॉलीच्या झाडांचं जुनं जंगल, ज्याची झाडं टेकाडाच्या वर डोकं काढू शकत नाहीत कारण खारा वारा शेंडे जाळून टाकतो. ग्रोव्हवाल्यांना काय वाचवायचं होतं ते उघड आहे. सप्टेंबर 1964 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी फायर आयलंड नॅशनल सीशोअरच्या, म्हणजे हा किनारा सरकारी संरक्षणाखाली आणणाऱ्या, कायद्यावर सही केली आणि रस्त्याचा विषय कायमचा मिटला. पश्चिमेच्या टोकाला पूल आला, पूर्वेच्या टोकाला आधीच होता, मधला पट्टा तसाच राहिला. मोझेसची सत्ताही त्याच सुमारास खचायला लागली. पश्चिम टोकाच्या पार्कला आजही त्याचंच नाव आहे.

पाइन्सचा स्वभाव वेगळा. 1952 च्या आसपास एका कंपनीनं प्लॉट पाडून विकले ते खरं तर फॅमिली लोकांसाठी. पेगी फिअर्स ही ब्रॉडवेची एकेकाळची सुंदरी इथे आली आणि तिनं धक्क्यावर बोटवाल्यांसाठी हॉटेल काढलं, नंतर ते जॉन व्हाइट या मॉडेलिंग केलेल्या माणसाकडे गेलं, आणि साठच्या दशकात पाइन्स हळूहळू देखण्या, पैसेवाल्या, जिममध्ये जाणाऱ्या पुरुषांचं झालं. संध्याकाळी चहाच्या वेळेला दारू पीत नाचायचं त्याला टी डान्स म्हणायचं ही रीत इथूनच सगळीकडे गेली. चहाचा त्यात थेंब नसतो, पहिल्यांदा गेलो तेव्हा मला खरंच चहा हवा होता. हॉरेस गिफर्ड नावाच्या आर्किटेक्टनं इथे साठेक घरं बांधली, देवदाराच्या फळ्या आणि काच, बाहेरून झाडीत बुजलेली आणि आतून सगळं उघडं. वाटेकडून बंद आणि समुद्राकडून मोकळं, असं घर कुणाला सुचेल तर ज्याला आयुष्यभर तसंच राहावं लागलंय त्याला. गिफर्ड 1992 मध्ये एड्सनं गेला. कवी फ्रँक ओ’हारा 1966 च्या जुलैत इथल्याच बीचवर रात्री जीपची धडक बसून गेला, चाळीस वर्षांचा होता. गाडी नसलेल्या बेटावर गाडीखाली येणं.

आणि टॉम मोल्टन. डिस्को ऐकलेल्या प्रत्येकानं या माणसाचे आभार मानायला हवेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा पाइन्समध्ये लोकांना नाचताना बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की लोक रंगात येतात आणि नेमकं तेव्हाच तीन मिनिटांचं गाणं संपतं, पुढच्याचा ठेका वेगळा, मग लोक गोंधळून फ्लोअर सोडतात. त्यानं घरी बसून, टेपचे तुकडे जोडून, एका गाण्यातून दुसऱ्यात कधी गेलं ते कळणारच नाही अशी पाऊण तासाची एक बाजू तयार केली. त्या कामाला ऐंशी तास लागले असं त्यानंच सांगितलंय. पहिल्या ठिकाणी टेप परत केली गेली. मग सँडपायपर या पाइन्समधल्या दुसऱ्या क्लबनं ती वाजवली, आणि लोक फ्लोअर सोडेनात. पुढे रिमिक्स, लांबवलेली गाणी, बारा इंची सिंगल रेकॉर्ड हे सगळं या माणसाच्या हातून झालं. तुमच्या भाच्याच्या संगीतला डीजे जे एकातून एक गाणी काढतो ना, त्याची खापरपणजी या वाळूत जन्मली.

पण पाइन्सला जरा शिंग फुटली होती हे खरं. ग्रोव्हवाले म्हणजे म्हातारे, जाडे, साड्या नेसणारे, असा काहीसा सूर. 1976 मध्ये ग्रोव्हमधली एक ड्रॅग क्वीन, टेरी वॉरन, पाइन्सच्या ब्लू व्हेल रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेली तर तिला ड्रॅगमध्ये आहेस म्हणून सर्व्हिस नाकारली. गे लोकांच्या गावात, गे लोकांच्या रेस्टॉरंटमध्ये. तिनं ग्रोव्हमध्ये येऊन सांगितलं. टॉम हॅन्सन, ज्याला सगळे पँझी म्हणतात, त्यानं 4 जुलैचा मुहूर्त धरला, अमेरिकेचा दोनशेवा वाढदिवस, आणि नऊ जण फुल ड्रॅगमध्ये, टियारा-बियारा घालून, भर दुपारी एका वॉटर टॅक्सीत बसून पाइन्सवर चालून गेले. धक्क्यावरचे देखणे पुरुष आधी दचकले. मग टाळ्या. मग ड्रिंक्स. पुढच्या वर्षी परत गेले, त्याच्या पुढच्या वर्षी परत, आणि आता दर 4 जुलैला मोठी फेरीच्या फेरी भरून शेकडो क्वीन्स उतरतात आणि धक्क्यावर हजारो लोक उभे असतात. याला नाव आहे इन्व्हेजन ऑफ द पाइन्स. अपमानाचा सूड सणात कसा घ्यावा हे यांच्याकडून शिकावं. मी टीम ग्रोव्ह आहे हे एव्हाना कळलं असेलच.

1981 च्या 3 जुलैला न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक छोटी बातमी आली, 41 समलिंगी पुरुषांमध्ये दुर्मिळ कॅन्सर सापडला अशी. ती एड्सची चाहूल होती. शुक्रवार होता, लाँग वीकेंडचा. पेपर हातात घेऊन लोक त्याच फेरीनं बेटावर निघालेले. त्या सप्टेंबरात लेबर डेच्या वीकेंडला लेखक लॅरी क्रेमर आणि मित्र टेबल मांडून रिसर्चसाठी पैसे गोळा करत बसले, हजार डॉलरसुद्धा जमले नाहीत. नाचणारे लोक बाजूनं निघून गेले. क्रेमरनं आधीच एका कादंबरीत या सगळ्या पार्टीबाजीवर झोडपून काढलेलं असल्यानं त्याच्यावर लोकांचा रागही होता. पण त्याच मंडळींनी जानेवारी 1982 मध्ये जीएमएचसी ही एड्सच्या रुग्णांना मदत करणारी संस्था काढली, आणि पुढच्या काही वर्षांत बेटावरच्या घरांमध्ये जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. पाइन्समध्ये अशी घरं आहेत की जिथे सत्तरच्या दशकातला ग्रुप फोटो दाखवताना मालक प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवत नुसती वर्षं सांगतो. मी एकदाच असा फोटो बघितलाय. त्यावर जास्त लिहीत नाही.

ग्रोव्हमध्ये या काळात बायका पुढे आल्या. आजारी मित्रांना जेवण करून घालणं, औषधांना नेणं हे तर त्यांनी केलंच, पण रिकामी झालेली घरंही बऱ्याच बायकांनी घेतली, आणि आज ग्रोव्हच्या वाटांवर लेस्बियन जोडपी मुलांना गाडीत बसवून ओढताना दिसतात. पुन्हा बायकांचं गाव झालं म्हणायचं, पण ज्या कारणानं झालं ते कुणालाच नको होतं.

एक तक्रार राहिली. हे बेट फार गोरं आहे. पाइन्सच्या टी डान्सला मी कितीदा तरी आजूबाजूला बघून मोजायचा प्रयत्न केलाय की आपल्या रंगाचे किती, आणि एका हाताची बोटं पुरली आहेत. कुणी काही बोलत नाही, सगळे गोड, पण एकानं मला बर्फ आणायला सांगितलं होतं, त्याला वाटलं मी केटरिंगवाला. गैरसोयीची जागा हळूहळू महागाची जागा झाली की हे होणारच, आता पाइन्समध्ये घर घ्यायचं म्हणजे मिलियनच्या गोष्टी, आणि समरचं भाडं वाटून घेणारी पोरंसुद्धा हाफ शेअर, क्वार्टर शेअर करत वीकेंड मोजून येतात. त्यातल्या त्यात ग्रोव्हमध्ये जरा सगळ्या प्रकारची माणसं दिसतात, ब्रुकलिनहून एका दिवसासाठी आलेली पोरं, ट्रान्स मुली, आजोबा-आजी. आगी लागतात, 2011 मध्ये पाइन्सच्या धक्क्यावरचा क्लब जळाला, पुढच्या वर्षी सँडी वादळानं टेकाडं खाल्ली, परत बांधलं. वाळू दर हिवाळ्यात जाते, सरकार आणून ओतते, ती परत जाते. लोक तरीही घरं रंगवत असतात.

कुणाला जायचं असेल तर मेमोरियल डे ते लेबर डे हा सीझन, शनिवार टाळा, बुधवार-गुरुवारी जा. फळीवरून खाली उतरू नका, गवतात टिक्स, म्हणजे गोचिड्या, असतात आणि त्यांच्यापासून होणारा लाइम डिसीज हा विनोद नाही. पाण्याच्या बाटल्या आणि खायचं सेविलहून घेऊन जा, बेटावर सँडविचची किंमत ऐकून तुम्ही रुपयांत गुणाकार कराल. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा, ऐनवेळी खोली मिळत नाही. मी या 4 जुलैला ग्रोव्हच्या बाजूनं इन्व्हेजनच्या फेरीत चढायचा विचार करतोय, पैठणी घालून. आईची नाही, एडिसनच्या दुकानातली सेलमधली, खाऱ्या पाण्यात आईची पैठणी नेली तर ती मला परत घरात घेणार नाही. ब्लाउज शिवून देणारं कुणी माहीत असेल तर कळवा, माप जरा मोठं आहे.